खोक्यावरचे ३५० वॅट आणि सेटमधले १८

प्रश्न निपाणीहून आलाय. केए २३ पासिंगची पाच वर्षांची हॅचबॅक आहे, पुढच्या डाव्या दारातला कंपनीचा स्पीकर घरघरायला लागलाय. काढून बघितला तर मागे ‘४ ओहम, २० वॅट’ छापलेलं. दुकानदार म्हणतो ३५० वॅटचे घाला, एकदम उडवून टाकतील. कोल्हापूरचे दाजी म्हणतात, एवढ्या वॅटचे लावलेस तर सेट, म्हणजे डॅशबोर्डमधला स्टिरिओ, जळेल. विचारणाऱ्याला चारही स्पीकर बदलायचेत, सेट मात्र कंपनीचाच ठेवायचाय. ओहम जुळवायचा की वॅट, एवढंच त्याचं विचारणं आहे.

ओहम जुळवायचा. वॅट जुळवायचा नसतो, तो पुरेसा आहे ना एवढंच बघायचं. आणि ज्याच्याबद्दल तुमच्याशी कुणीच बोललेलं नाही तो तिसरा आकडा, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या वॅटात किती आवाज निघतो ते, त्याच्यावर तुमचे पैसे वसूल होणार की पाण्यात जाणार ते ठरतं. ३५० वॅटच्या स्पीकरनं सेट जळत नाही, तेव्हा दाजी चुकले. पण स्पीकर बदलण्याच्या नादात सेट जळू शकतो हे खरं आहे. त्याला कारण होतो तो ओहम. म्हणून दाजींना अगदीच वेड्यात काढू नका.

मी बेळगावात बावीस वर्षं गाड्यांच्या साउंडचं काम करतोय. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत पहिला प्रश्न येतो, ‘किती वॅटचा आहे?’ गोकाककडचं असेल तर कन्नडमध्ये ‘सौंड जोर बरबेक्री’, आवाज जोरात यायला हवा. भाषा कुठलीही असो, मागणी तीच. आणि वॅट म्हणजे आवाज हा समज इतका पक्का बसलाय की खोकी बनवणाऱ्यांनीही त्याच्यापुढे हात टेकलेत. आतला स्पीकर ४५ वॅटचा असला तरी बाहेर सोनेरी अक्षरात ३५० छापल्याशिवाय तो खपत नाही.

तर आधी सेटमध्ये काय आहे ते बघू. आवाज वाढवायचं सगळं काम तिथे दोन बोटं रुंदीची एक आयसी, म्हणजे चिप, करते. टीडीए ७३८८ हा त्या जातीचा जुना, दुरुस्तीवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये हमखास सापडणारा नमुना. एकाच आयसीत चार अॅम्प्लिफायर, चार दारांना चार. गाडी चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्टच्या आसपास मिळतात आणि या आयसीला त्याच्या वर काही मिळत नाही. आता हिशोब करा. ४ ओहमच्या स्पीकरवर पुरेपूर १४.४ व्होल्ट टाकले तर १४.४ गुणिले १४.४ भागिले ४, म्हणजे जवळपास ५२ वॅट. सेटवर ‘५० वॅट गुणिले ४’ छापतात ते इथून येतं. पण तेवढे वॅट निघतात ते आयसी पार चिरडून चौकोनी लाटा फेकायला लागते तेव्हा. त्याला गाणं म्हणत नाहीत. नीट गोल लाटेला त्याच्या निम्मे, म्हणजे २६. त्यातून आयसीचा स्वतःचा तोटा वजा केला की स्वच्छ आवाजाचे उरतात १५ ते २० वॅट. मी १८ धरून चालतो.

तुमच्या घरची खरी शिल्लक ही १८. स्पीकरवरचा आकडा सांगतो तो किती सोसू शकतो, किती देणार ते नव्हे. गच्चीवर मोठी टाकी बसवली म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही, हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. जुन्या स्पीकरवर २० वॅट छापलेत आणि सेट देतो १८, म्हणजे कंपनीनं हिशोब बरोबर लावला होता. तुम्ही नवीन घेताना ‘आरएमएस’ किंवा ‘नॉमिनल’ असा शब्द शोधा, म्हणजे सतत सोसायचे वॅट. तो ३० ते ६० च्या मध्ये असला की झालं. ‘पीक’, ‘मॅक्स’, ‘म्युझिक पॉवर’ या शब्दांशेजारचे आकडे लग्नपत्रिकेतल्या ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’सारखे समजा. ते छापायचेच असतात.

आता ओहम. इथे जरा थांबू, कारण नुकसान इथेच होतं.

ओहम म्हणजे स्पीकरची कॉइल करंटला किती अडवते ते. ४ ओहमच्या जागी २ ओहमचा लावला की तेवढ्याच व्होल्टवर करंट दुप्पट. ४ ओहमला शिखरावर ३.६ अँपिअर लागतात, २ ओहमला ७.२, आणि हे एका दाराचं. चारही दारं मिळून जी उष्णता होते ती त्याच दोन बोटांच्या आयसीतून आणि तिच्या पाठीवरच्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यातून बाहेर पडायची असते. आवाज सुरुवातीला खरंच वाढतो, म्हणून लोक फसतात. मग अर्ध्या तासानं सेट आपोआप गप्प होतो, थंड झाला की पुन्हा बोलतो. आयसीला स्वतःला वाचवायची सोय असते, म्हणून लगेच मरत नाही. पण रोज ताप काढत ठेवलेला माणूस किती दिवस टिकणार?

याचा सगळ्यात झकास नमुना आपल्याकडे ऊसाच्या हंगामात बघायला मिळतो. चिकोडी-संकेश्वर रस्त्यावर ट्रॅक्टर येतो तो आधी कानाला कळतो, मग डोळ्याला. मडगार्डवर, टपावर, ट्रॉलीच्या तोंडाशी, जागा मिळेल तिथे स्पीकर. एक पोरगा माझ्याकडे आला होता, सेट दर दहा मिनिटांनी बंद पडतो म्हणून. बघतो तर सेटच्या एका चॅनलला ४ ओहमचे चार स्पीकर, लाल वायरीला लाल, काळीला काळी असे सगळे एकात एक. चार ओहमचे चार समांतर जोडले की होतो १ ओहम. सेट दहा मिनिटं टिकत होता हेच नवल. मी एकही स्पीकर काढला नाही. दोन-दोन एकामागे एक जोडले, त्यांचे झाले ८ आणि ८, मग त्या दोन जोड्या समांतर केल्या, पुन्हा ४. तो पोरगा कारखान्याच्या गेटावर रात्रभर वाजवत बसला. तिथल्या शेजाऱ्यांची मी इथे माफी मागतो.

उलटं केलं तर काही जळत नाही. ४ च्या जागी ८ ओहम लावला की करंट निम्मा, वॅट निम्मे, आवाज थोडा दबका. सेटला आराम, तुम्हाला निराशा. ३ ओहमचं काय, हा प्रश्न नेहमी येतो, कारण जेबीएल आणि इन्फिनिटीच्या काही मालिका ३ ओहमच्या आहेत. कंपनीच्या बारीक वायरीत जे वाया जातं ते भरून निघावं असा त्यामागचा विचार. माझं मत विचाराल तर बाजारातल्या चांगल्या सेटवर ३ चालतो, कंपनीच्या सेटवर, त्यातही दिवसभर चालणाऱ्या गाडीत, मी ४ च घालतो.

छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, मोजा. साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकरचा कपलर, म्हणजे वायरीचा प्लग, काढा, म्हणजे सेटशी संबंध तुटला. मीटर २०० ओहमच्या खुणेवर ठेवा. आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, काहीतरी ०.२, ०.३ दाखवेल. तो वायरींचा स्वतःचा आकडा, नंतर वजा करायचा. मग स्पीकरच्या दोन टोकांना लावा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ४ दाखवत नाही, ३.२ ते ३.७ च्या मध्ये कुठेतरी दाखवतो. अनेकजण इथे घाबरून मला फोन करतात, ‘स्पीकर उतरला काय ओ?’ उतरलेला नसतो. मीटर नुसत्या तांब्याचा विरोध मोजतो. गाण्याचा करंट सारखा दिशा बदलतो, त्याला कॉइल आणि मॅग्नेट मिळून आणखी अडवतात, आणि तो अडथळाही प्रत्येक सुराला वेगळा असतो. खोक्यावरचे ४ म्हणजे या सगळ्याचं सोयीसाठी ठरवलेलं नाव. मीटरवर १.६ ते १.९ आला तर तो २ ओहमचा, ६ ते ७ आला तर ८ ओहमचा. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली. दाराला वेगळा ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, जोडलेला असला तरी मोजमाप बिघडत नाही, कारण त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि मीटरचा करंट त्यातून जात नाही.

मोजायचं का, तर माझ्याच चुकीमुळे. बारा-तेरा वर्षांपूर्वी टिळकवाडीतल्या एका डॉक्टरांची मोठी सेडान आली. जाळीवर नामांकित साउंड कंपनीचं चिन्ह, पण दारातल्या स्पीकरचा पेपर, म्हणजे पुढचा हलणारा कोन, फाटलेला. मी आपला नेहमीच्या सवयीनं चांगला ४ ओहमचा कोअॅक्सिअल, म्हणजे मधोमध ट्विटर असलेला स्पीकर, बसवला. डॉक्टरांनी दार लावलं, गाणं लावलं आणि माझ्याकडे बघितलं. उजव्या दारापेक्षा डावं दार कितीतरी हळू, आणि त्यातून नुसतं ढब-ढब. शब्द नाहीतच. नंतर मोजलं तेव्हा जुना १.७ निघाला. त्या गाडीत मागे डिकीच्या बाजूला कंपनीचा वेगळा अॅम्प्लिफायर होता, २ ओहमसाठी बनवलेला. ४ लावल्यावर त्याची ताकद निम्मी झाली. शिवाय तो अॅम्प्लिफायरच खालचे सूर दाराला आणि वरचे सूर डॅशबोर्डवरच्या ट्विटरला असे वाटून पाठवत होता. माझ्या कोअॅक्सिअलच्या ट्विटरपर्यंत काही पोचतच नव्हतं. स्पीकर मी स्वतःच्या खर्चानं परत घेतला.

म्हणून जाळीवर बोस किंवा तसलं मोठं नाव असेल, सीटखाली किंवा डिकीत अॅम्प्लिफायरची पेटी दिसली, किंवा मीटरवर दोनच्या आतला आकडा आला, तर बाजारातला कुठलाही स्पीकर उचलून लावू नका. त्याच ओहमचा शोधा, किंवा तोच कंपनीकडून मागवा. तुमच्या गाडीत हे लफडं नाही. मागे ४ छापलंय, सेट साधा आहे. तरी पाच मिनिटं काढून मोजा.

आता सेन्सिटिव्हिटी. स्पीकरला १ वॅट दिला आणि १ मीटरवर कान, म्हणजे मापयंत्र ठेवलं, तर किती डेसिबल आवाज येतो तो हा आकडा. ८७, ८९, ९२ असा काहीतरी असतो. दिसायला फरक क्षुल्लक, पण डेसिबलचा हिशोब वेगळा आहे. ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात. १० डेसिबल वाढला की कानाला साधारण दुप्पट वाटतो आणि त्याला वॅट लागतात दहापट.

कंपनीचे स्पीकर हातात घेतले की हलके, मॅग्नेट वडापावाएवढा, पेपर पातळ. लोक नाक मुरडतात. पण हलका पेपर थोड्या वॅटात पटकन हलतो, म्हणून असा स्पीकर १८ वॅटात दार भरून आवाज देतो. याच्या जागी जाड पेपराचा, मोठ्या कॉइलचा, ३५० वॅट लिहिलेला पण ८७ डेसिबलचा स्पीकर आला तर काय होतं? जुना ९० चा असेल तर तेवढ्याच आवाजासाठी नव्याला ३६ वॅट लागतील. सेटकडे आहेत १८. गिऱ्हाईक म्हणतं, नवीन स्पीकर दबका वाजतोय, आणि आवाजाचा आकडा २० वरून ३० ला नेतं. वर बास पूर्ण. बास ६ डेसिबलनं चढवला की त्या सुरांना चौपट वॅट लागतात. सेटकडे नाहीत, मग लाटांची डोकी कापली जातात, आवाज कर्कश होतो, आणि त्या कापलेल्या आवाजातली वाढीव ताकद बिचाऱ्या ट्विटरच्या केसाएवढ्या कॉइलवर जाते. महिन्याभरात ट्विटर गेला. दुकानात परत आल्यावर त्याला सांगतात, अजून मोठ्या वॅटचा घ्या.

म्हणजे ३५० वॅटचा स्पीकर सेटला जाळत नाही, १८ वॅटचा सेटच ३५० वॅटच्या स्पीकरचा ट्विटर जाळतो. हे दाजींना सांगितलंत तर पटणार नाही, पण सांगून बघा.

या आकड्यात एक फसवणूक आहे, तीही सांगून ठेवतो. काही कंपन्या १ वॅटवर मोजतात, काही २.८३ व्होल्टवर. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. पण ४ ओहमला तेच २ वॅट होतात, म्हणजे ३ डेसिबल फुकटात वाढून छापले जातात. ४ ओहमच्या स्पीकरवर ‘२.८३ व्होल्टला ९२’ लिहिलं असेल तर दुसऱ्या कंपनीच्या ‘१ वॅटला ८९’ इतकाच तो आहे. ३ ओहमला हा फायदा चारच्या पुढे जातो. खोटं कुणीच बोलत नाही, फक्त एक शेर सांगतो आणि दुसरा किलो. बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून दोन्ही एकाच मापात आणा, मग तुलना करा. तुमच्यासाठी १ वॅटच्या मापात ९० किंवा वर असेल तोच घ्या, बाकी सगळं मागाहून.

आकार, खोली वगैरे थोडक्यात. हातातला जुना स्पीकर हीच तुमची मोजपट्टी. बाहेरचा व्यास, भोकाचा व्यास, आणि बसायच्या कडेपासून मॅग्नेटच्या पाठीपर्यंतची खोली घ्या. काच पूर्ण खाली करून तिच्यापर्यंत किती जागा उरते ते बोट घालून नव्हे, पट्टीनं मोजा. कंपनीच्या स्पीकरची प्लास्टिकची चौकट बऱ्याचदा उंच असते, नव्या स्पीकरची नसते, म्हणून मध्ये रिंग लागते. बाजारात एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या लाकडाच्या, रिंगा मिळतात, त्या मी आपल्या भागात वापरत नाही. पहिल्या पावसाळ्यात फुगतात, दुसऱ्यात स्क्रू धरत नाहीत. प्लास्टिकची तयार रिंग मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि लेथची एवढी मंडळी बसलीत, नायलॉनची किंवा अॅल्युमिनियमची रिंग चहा होईतो वळून देतात. जुना स्पीकर रिव्हेटनं बसवलेला असेल तर रिव्हेट ड्रिलनं उडवावा लागतो, स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका, पत्रा वाकतो.

पावसाचं जरा नीट सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून लोक दारं उघडतात आणि पाऊस आपल्याकडे पडतो. दाराच्या आत पाणी जातंच, ती चूक नाही, रचनाच तशी आहे. काचेच्या बाहेरच्या रबरातून पाणी आत ओघळतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जातं. स्पीकरच्या आसपास जो प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो तो ते पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. घाईत तो फाडला की जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे एक फेरी मारा, पायाखालचं कारपेट ओलं. तो कागद अखंड काढा, परत लावताना ब्युटाइलची काळी दोरी वापरा. डॅम्पिंग शीट लावायची हौस असेल तर जरूर लावा, दाराचा पत्रा थरथरायचा थांबला की बासमध्ये जो फरक पडतो तो दुप्पट किमतीच्या स्पीकरनंही पडत नाही. पण तळाची भोकं बुजवू नका. चोर्ला घाटातून येणारी एक गाडी माझ्याकडे आली होती, वळणावर दारात पाणी हिंदकळल्याचा आवाज यायचा. कुणीतरी मन लावून चारही भोकं शीटनं बंद केली होती. आणि कागदी कोन घेण्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा घ्या. आवाजाच्या दर्दी माणसांना पेपर आवडतो, मलाही आवडतो, पण खानापूर तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने तो टिकायला हवा ना.

तुमच्या गाडीत आरशाजवळ वेगळा ट्विटर आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर दोन वाटा. दारात कोअॅक्सिअल घालून वरचा ट्विटर तसाच ठेवला तर तिखट आवाज जास्तच होतो. शिवाय वरच्या पट्टीत दोन्ही ट्विटर समांतर येतात, तिथे ओहमही उतरतो. त्यापेक्षा कंपोनंट संच घ्या, त्यात दारासाठी खालच्या सुरांचा वूफर, वर ट्विटर आणि मध्ये सूर वाटून देणारा छोटा क्रॉसओव्हर येतो. नुसता ट्विटर बदलायचा असेल तर त्याच्या कपॅसिटरकडे लक्ष द्या. ४ ओहमला ४.७ मायक्रोफॅरड लावला की साधारण ८,५०० हर्ट्झच्या खालचं अडवलं जातं, १० मायक्रोफॅरडला ४,००० च्या खालचं. तोच कपॅसिटर ठेवून ट्विटरचा ओहम दुप्पट केला तर हा आकडा निम्म्यावर येतो आणि ट्विटरला त्याच्या कुवतीबाहेरचे सूर गिळावे लागतात. ओहमची गोष्ट इथेही सुटत नाही. कपॅसिटर बदलाल तर नॉन-पोलर घ्या, बोर्डावरचा साधा एका बाजूला पट्टी असलेला नव्हे.

जोडणी करताना कंपनीची वायर कापू नका. गाडीच्या कपलरला बसणारा जोड मिळतो, तो घ्या. वायर बदलायच्या भानगडीतही पडू नका. अर्ध्या चौरस मिलिमीटरची कंपनीची तांब्याची वायर चार मीटर जाऊन-येऊन पाव ओहमच्या आसपास खाते. १८ वॅटात ४ ओहमवर ते कानाला कळणार नाही. पैसे वाचवा.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. या आयसीत प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्ट असतात, काळी किंवा पट्टीवाली वायर म्हणजे अर्थिंग नव्हे. जुन्या काळच्या टेपवाल्यांची एक वायर बॉडीला मारायची सवय असते. ती इथे केली की आयसी जळू शकते. चारही स्पीकरच्या मायनस एकत्र करणंही तसंच.

प्लस-मायनस ओळखायला दीड व्होल्टचा सेल घ्या. स्पीकरला क्षणभर टेकवा, कोन बाहेर उडी मारतो तेव्हा सेलचा प्लस जिथे आहे ते स्पीकरचं प्लस. दोन्ही दारं सारखी जोडली पाहिजेत. एक उलटं झालं तर काही जळत नाही, पण बास गायब होतो आणि गायकाचा आवाज समोरून न येता कुठूनतरी पसरल्यासारखा येतो. मी तपासायला बासचं गाणं लावत नाही. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा आवाज आणि मागे तंबोरा, एवढंच लावतो. आवाज डॅशबोर्डच्या मधोमध उभा राहिला पाहिजे आणि तंबोऱ्याची जवारी सुटी ऐकू आली पाहिजे. झालं तर काम बरोबर. माझ्या हाताखालच्या पोरांना हे म्हातारपणाचं लक्षण वाटतं, पण चूक सापडते ती याच्यावरच.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला असा की चारही बदलू नका. मागचे दोन चांगले वाजत असतील तर राहू द्यात, ऐकणारे तुम्ही पुढे बसता. चार स्पीकरचे पैसे पुढच्या दोनमध्ये घाला, ४ ओहम, ४०-५० वॅट आरएमएस, ९० च्या वर सेन्सिटिव्हिटी, प्लास्टिकची रिंग, आणि उरलेल्या पैशात त्या दोन दारांना डॅम्पिंग. एक दार बदलून दुसरं जुनं ठेवायचं मात्र नाही, दोन्ही बाजूंचा आवाज जुळणार नाही. मग बास मधोमध ठेवा. सेटमध्ये हाय पास नावाची, म्हणजे खालचे सूर अडवायची, सोय असेल तर पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झवर लावा, लहान कोनाला जमिनीखालचे सूर उपसायला लावू नका. आवाजाचा आकडा पाऊण भागाच्या पुढे नेलात तर कान देऊन ऐका, गायकाचा ‘स’ फाटायला लागला की तिथून दोन आकडे मागे या. तीच तुमच्या १८ वॅटची वेस. एवढं करूनही आवाज कमी वाटला, तर पुढचा खर्च स्पीकरवर नव्हे, वेगळ्या अॅम्प्लिफायरवर करायचा. त्याची वायर बॅटरीपासून फ्यूजसकट ओढावी लागते, ते काम घरी करू नका.

दाराचं पॅड परत बसवण्याआधी काच एकदा पूर्ण खाली, पूर्ण वर करून बघा, दाराचं लॉक आतून-बाहेरून चालवून बघा. पॅडच्या क्लिपा चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा, पाच वर्षांच्या क्लिपा काढताना तुटतातच. आणि पुढचा जो उजवा स्पीकर चांगला निघेल तो कपलरसकट कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढेमागे मागच्या दारातला एखादा गेला तर, आकार जुळत असेल तर, तोच तिथे बसेल, आणि त्याचा ओहम तुम्ही मोजलेलाच असेल.